उजवा इंडिकेटर

१

शिरूरच्या एसटी डेपोकडून मार्केट यार्डाकडं वळलं की डाव्या हाताला माझं दुकान. बॅटरी, वायर, बल्ब, हॉर्न, सेल्फ. दुचाकीपासून हार्वेस्टरपर्यंत ज्याच्यातून करंट फिरतो ते सगळं मिळतं आणि दुरुस्तही होतं. शाळा मी आठवीत सोडली. वीज शिकलो ती बिघडलेल्या गाड्यांकडून, आणि माणसं शिकलो ती त्या गाड्या ढकलत आणणाऱ्यांकडून.

विजेच्या बिघाडाचं एक बरं असतं, त्याला कारण असतंच. निमोण्याचा एक बागायतदार जीप घेऊन आला होता. डावीकडं वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. जीप आजोबांची, त्यामुळं आजोबाच वाजवतात असं घरात ठरलं होतं, बायकांनी नारळही फोडला होता. मी स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं. आत उंदरीण व्यालेली. वायर कुरतडलेली, ती वळताना दांड्याला टेकायची. बागायतदार त्या गुलाबी पिल्लांकडं बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजी आजोबा न्हाईत?"

मी म्हणालो, "आजोबा असते तर उजवीकडं पण वाजला असता."

हा किस्सा मी वीस वर्षं सांगतोय. गिऱ्हाइकाला धीर येतो. नोव्हेंबरात वरवंडचा विश्वजीत आला, त्यालाही सांगितला. तो हसला नाही.

२

विश्वजीत तिशीचा. घरचा ऊस, हातात कडं, बोलायला गोड. गाडी टेम्पोत घालून आणलेली. जुन्या साडेतीनशे सीसीच्या इंजिनावर पुण्याच्या कुणा कारागिरानं बांधलेली ती मोटारसायकल होती: पुढचं चाक हातभर लांब काढलेलं, टाकी थेंबासारखी, बसायला एकच सीट, मागचा टायर चारचाकीला शोभेल असा रुंद. टेम्पोतून उतरवताना डेपोतले दोन कंडक्टरसुद्धा बघायला आले.

"चार बॅटऱ्या खाल्ल्या हिनं, शेठ," विश्वजीत म्हणाला. "सकाळी फुल असती, दुपारच्याला डेड. उभ्या उभ्या. पुण्याच्या मिस्त्रीनं रेग्युलेटर बदलला, चावी बदलली. काय फरक न्हाई."

"आणि चालवताना?"

"चालवताना एकाच जागी बंद पडती. लाइट, हॉर्न, इंजिन, समदं एकदम. पाऊण तास तशीच उभी राहती, मग जणू काय झालंच न्हाई अशी चालू."

"कुठली जागा?"

"चौफुल्याच्या रोडला. न्हावरं सोडलं की वळण न्हाई का, उसात कच्चा रस्ता जातो तिथं."

ते वळण मला माहीत होतं. मी एवढंच म्हणालो, "ठेवून जा. तीन दिवस लागतील."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी टाकी आणि सीट उतरवली आणि टेस्ट लॅम्प लावला. काम साधं असतं. चावी बंद करायची, बॅटरीची अर्थची तार सोडायची आणि मधे एक बल्ब जोडायचा. करंट कुठं गळत नसेल तर बल्ब विझलेला राहतो. पेटला, तर गाडीची एकेक वायर सोडत जायचं. जी सोडल्यावर बल्ब विझेल तिथं चोर.

बल्ब विझलेलाच होता. तो तसाच ठेवून मी वायरिंगवरची टेप उलगडायला घेतली, आणि वीतभर उलगडून थांबलो.

सगळ्या वायरी काळ्या होत्या. लाल नाही, हिरवी नाही, पिवळी नाही. प्रत्येक वायरच्या टोकाला मेण लावलेल्या दोऱ्याच्या गाठी. अर्थला एक, ब्रेकला दोन, हॉर्नला तीन, उजव्या इंडिकेटरला चार.

असं वायरिंग जगात एकच माणूस करायचा. नवनाथला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नसे. रांजणगावच्या एका कंपनीनं त्याला मेडिकलमध्ये काढला तेव्हा तो माझ्याकडं आला, आणि अकरा वर्षं माझ्या दुकानात बसला. चप्पल बाहेर काढून, मांडी घालून, गाडीपुढं पूजेला बसल्यासारखा. रंग दिसत नाहीत म्हणून त्यानं गाठी शोधल्या, आणि त्याचं वायरिंग कधी परत आलं नाही. लोक गाडी विकत घेताना विचारायचे, नवनाथच्या गाठीची आहे का.

तीन वर्षांपूर्वी, मार्चात, न्हावऱ्याच्या त्याच वळणावर त्याला एका गाडीनं उडवलं. तो कच्च्या रस्त्याला उजवीकडं वळत होता, उसात बंद पडलेला हार्वेस्टर बघायला. दहा पन्नासला त्यानं हार्वेस्टरवाल्याचा फोन घेतला होता, "हे काय, वळतोच हाय." साडेअकराला मेंढ्या हाकणाऱ्या एकाला तो रस्त्याकडेच्या चारीत सापडला. डॉक्टर म्हणाले, लगेच गेला नाही, चाळीसेक मिनिटं होता. गाडीवाला मिळालाच नाही.

गाठी बघितल्या तरी डोकं चालत होतं. नवनाथची मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात पडून पडून लिलावात गेली, भंगारवाल्यानं सुटी केली, चांगलं वायरिंग पुण्याच्या कारागिराला मिळालं. असं रोज होतं. मी स्वतः असा माल विकलाय.

एवढं पटवून मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा मागं टिकटिक सुरू झाली.

टेस्ट लॅम्प लुकलुकत होता. गाडीचा पुढचा उजवा इंडिकेटरही. मागचा विझलेला. वेग दुप्पट होता. जोडीतला एक बल्ब गेला की दुसरा असा घाईनं लुकलुकतो. पण मागचा बल्ब नवा होता, मी काढून बॅटरीला लावून पाहिला, लख्ख पेटला. परत बसवला, विझला. चावी माझ्या खिशात. मी फ्लॅशर उपसून काढला. इंडिकेटरला लुकलुकवणारी ती डबी, ती नसेल तर इंडिकेटर लागतच नाही.

डबी माझ्या हातात होती आणि समोर टिकटिक चालू होती.

भिंतीवरच्या घड्याळात दहा त्रेपन्न झाले होते. मी स्टूल ओढून बसलो. सव्वाअकराच्या पुढं उजेड पिवळा पडू लागला, टिकटिक सावकाश झाली, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. साडेअकराला एकदा उजळला, पुन्हा नाही. बॅटरी मेली होती.

४

तिसऱ्या दिवशी विश्वजीत बघायला आला. मी चहा सांगितला. समोरच्या माणसाकडून काही काढायचं असेल तर आधी पदरचं काहीतरी द्यावं, ही माझी धंद्यातली जुनी रीत. मग मी रस्त्याच्या गप्पा काढल्या.

"त्या रोडनं फार असतं का येणं?"

"आता असतं. मधी तीन वरीस सोडलाच होता त्यो रोड. दुसऱ्या बाजूनं फेरा मारून जायचो."

"लांब पडतं की ते."

"पडतं," तो म्हणाला आणि कपात बघत राहिला.

मी एक शेळी बनवली. म्हणालो, "मीही आलेगावचा रस्ता दोन वर्षं सोडला होता. एक शेळी उडाली माझ्याकडून. थांबलो नाही. म्हातारी मागं ओरडत पळत होती, आरशात दिसत होती."

विश्वजीतनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "शेळी असती तर बरं झालं असतं, शेठ."

मी बिस्किटांचा पुडा त्याच्यापुढं सरकवला.

"मोटारसायकलवाला होता. वळत होता. म्या मोबाइलवर. आवाज आला आन् आरशात बघितलं तर धूळच. थांबलो आसतो तर लोकांनी जागेवर तुडावला आसता मला. आमच्या आबांनी महिन्याच्या आत गाडी विकली, कर्नाटकात गेली ती."

"वाचला का तो?"

"न्हाई म्हाईत. पेपरच बघितला न्हाई म्या. बघितला की खरं झालं आसतं." तो कसनुसा हसला. "तुम्हाला का सांगितलं काय म्हाईत. तुमचं दुकानच तसं हाय, माणूस बोलतो."

"बोलावं," मी म्हणालो आणि त्याला आणखी एक चहा सांगितला.

तो बिस्किट बुडवून खात होता आणि मी त्याच्या मानेकडं बघत होतो. नवनाथ गेल्यापासून मी ज्याला मनात हजार वेळा मारलं होतं त्याला चेहरा नव्हता. आता होता, आणि दाढी नीट कोरलेली होती. पोलिसांत जाऊन काय सांगणार होतो? गाडी कर्नाटकात, साक्षीदार नाही, बोलला तो चहावर.

एवढा राग का, हेही सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. त्या मार्चातल्या सकाळी अकराला पाच कमी असताना मी त्या वळणावरून गेलो होतो. पिकअपमध्ये वरवंडला पोचवायच्या बॅटऱ्या होत्या. उजव्या हाताला, घाणेरीच्या झुडपामागं, जमिनीलगत एक नारिंगी दिवा लुकलुकत होता. दुप्पट वेगानं. मी विचार केला तो शब्दाला शब्द आठवतो: मागचा बल्ब गेलाय, आणि हा बाबा इंडिकेटर चालू ठेवून उसात गेलाय, बॅटरी उतरणार. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर त्याला नुसता दिवा दिसला असता, कदाचित तो बघायला थांबला असता. मला बिघाड दिसला, त्याचं कारण कळलं, आणि मी पुढं गेलो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

५

संध्याकाळी मी सविताकडं गेलो. नवनाथची बायको, अंगणवाडीत असते. ती मेथी निवडत होती. मीही समोर बसून जुडी ओढली.

"सविता, समज तो गाडीवाला सापडला, तर?"

तिचा हात थांबला नाही. "सापडला का?"

"समज म्हणतोय."

"सापडून काय करू दादा? तुरुंगात घालतील का घालणारबी न्हाईत. त्याला एक घटकाभर दिसलं असंल आन् भ्याला असंल. भेकडाचा राग राग तरी किती दिवस करायचा." तिनं पिवळी पानं बाजूला टाकली. "मला त्या चाळीस मिन्टांचा राग येतो."

"म्हणजे?"

"मी जाऊन बसले होते तिथं. तेराव्यानंतर. भर दिवसा, त्याच टायमाला. मोजल्या. चाळीस मिन्टात एकशे बारा गाड्या गेल्या. एकानं जरी ब्रेक मारला असता." तिनं दुसरी जुडी सोडली. "आन् ह्यांना तर आवाजावरनं गाड्या वळखायच्या. पडल्या पडल्या वळखत असतील, हा ट्रॅक्टर, ही यष्टी. तुमची पिकअप तर ह्यांना चौकातनं कळायची. म्हणायचे, दादा आले, टॅपेट वाजतंय."

मी काड्या वेचत राहिलो. तिनं विचारलं, "चहा टाकू?" मी नको म्हणालो.

बाहेर आल्यावर मला विश्वजीतचा जास्तच राग आला. आता कळतं, तो राग मी सविताच्या उंबऱ्यावरून उचलून आणला होता आणि ठेवायला जागा शोधत होतो.

६

चौथ्या दिवशीही दहा पन्नासला टिकटिक झाली. त्या दिवशी मी बॅटरी चार्ज करून, बाहेर काढून फळीवर ठेवली होती. गाडीत नुसत्या तारा होत्या. तरी चाळीस मिनिटं चालू राहिली, आणि साडेअकराला फळीवरची बॅटरी मोजली तर उतरलेली.

मी टेप पुढं उलगडत गेलो. सगळ्या वायरी जागच्या जागी होत्या, एक सोडून. टाकीखालून एक जास्तीची काळी वायर जात होती. तिला पाच गाठी. पाच गाठींची वायर नवनाथनं कधी केली नव्हती. मी तिच्यावर बोट ठेवून पुढं गेलो, ती हॅन्डलपाशी टेपमध्ये संपली, कशालाच जोडलेली नाही. मागं आलो, ती सीटखाली संपली, कशालाच जोडलेली नाही. दोन्ही टोकं मोकळी. टेस्ट लॅम्पची टोचणी लावली, आणि बल्ब पेटला. मंद, न लुकलुकता. बोटाला वायर कोमट लागली, अंगात ऊब असते तेवढी.

ती मी तशीच गुंडाळली.

दुरुस्ती मला येत होती. हे सगळं वायरिंग उपटून नवं टाकायचं, सहा तासांचं काम. विश्वजीत पुन्हा कधी त्या वळणावर बंद पडला नसता. पण उसाचा हंगाम सुरू झाला होता. त्या रस्त्याला दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं धावत होते, गाणी लावून, ब्रेक नावाला. वळणाच्या पुढं कुणी बंद गाडी धरून उभा असेल तर ट्रॅक्टरवाल्याला तो अंगावर येईपर्यंत दिसत नाही. पाचदा विश्वजीत तिथं बंद पडला होता आणि पाचदा वाचला होता, कारण तेव्हा ऊस नव्हता.

मला वाटलं, नवनाथनं आपलं काम केलंय. गाठी बांधून ठेवल्यात. माझ्याकडून फक्त एवढंच हवंय की मी हात लावू नये. आमचं दोघांचं न बोलता ठरलंय असंच मला वाटलं, पूर्वी दुकानात ठरायचं तसं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याची आठवण काढताना छाती हलकी झाली.

मी वरून नवी टेप गुंडाळली. सुंदर गुंडाळली. बिघडवलं काहीच नाही. जे होतं ते तसंच ठेवलं.

७

"झाली," मी विश्वजीतला म्हणालो. "एक वायर कुठंतरी चाटत होती."

"म्हंजी उंदीर?"

"उंदीरच म्हणा."

या वेळी तो हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शेठ, तुम्ही देवमाणूस हाय."

"चौफुल्यावरनंच जा. आणि सव्वादहाला निघा, रस्ता मोकळा मिळेल."

तो निघाला. मी दुकान शेजारच्याच्या भरवशावर टाकून पिकअप काढली. स्वतःला सांगितलं, ट्रायल बघायला जातोय, गिऱ्हाइकाची गाडी आहे. न्हावरं सोडलं तेव्हा दहा अठ्ठेचाळीस झाले होते. समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते, एकामागं एक, वाढ्याचा पाला रस्त्यावर सांडत.

वळण घेतलं आणि तो दिसला. डांबराच्या कडेला, गाडी मेलेली. दोन्ही हातांनी हॅन्डल ओढत होता, पण तो रुंद टायर बाजूपट्टीच्या खड्ड्यात बसला होता. पुढचा उजवा इंडिकेटर लुकलुकत होता. विश्वजीतनं माझी पिकअप ओळखली. चेहरा खुलला त्याचा. एक हात सोडून त्यानं जोरजोरात हलवला.

मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. त्याच्याकडं बघितलं, अगदी डोळ्यांत, आणि पुढं गेलो. त्याला ते कळायला हवं होतं.

आरशात तो हात तसाच वर धरून उभा होता. झुडपापाशी गाडीजवळ आणखी कुणीतरी खाली बसल्यासारखं वाटलं. मग ट्रॅक्टर मधे आला.

८

दोन किलोमीटरवर एक चहाची टपरी आहे. मी बाकड्यावर बसलो, तोंड रस्त्याकडं करून. माझ्या हिशेबानं बातमी वळणाकडूनच येणार होती. एखादा ट्रॅक्टर थांबेल, कुणी पळत येईल, कुणी फोन लावेल.

ट्रॅक्टर येत राहिले, गाणी वाजवत. टपरीवाला म्हणाला, "आप्पा, बरं वाटत न्हाई का? घाम फुटलाय." मी म्हणालो, उकडतंय. नोव्हेंबर होता.

साडेअकराला मी उठलो आणि गाडी परत फिरवली. जे असेल ते डोळ्यांनी बघायचं होतं.

वळणावर विश्वजीत बाभळीच्या सावलीत बसला होता. गाडी शेजारी स्टँडवर, इंजिन चालू, हेडलाइट लख्ख. अंगावर ओरखडा नाही. मला बघून तो उठला, पँट झटकली.

मी पिकअप त्याच्या पलीकडं लावली आणि उतरून गेलो. म्हणालो, "मघाशी मी… लक्ष नव्हतं माझं."

"असू द्या शेठ. तुमचा माणूस पाठवलात की."

"कोण माणूस?"

"तो काय नाव म्हणाला न्हाई. तुम्ही गेलात आन् लगेच आला, उसातनंच आला. आधी गाडी खड्ड्यातनं काढून सावलीला घेतली, मग चपला काढून बसला मांडी घालून. म्हणाला, हात लावू नका, मला टाइम लागंल. लई शांत माणूस. ट्रॅक्टर खेटून जायचे तर मान वर करायचा न्हाई." विश्वजीतनं खिशातून काहीतरी काढून माझ्यापुढं धरलं. काळ्या वायरचा तुकडा, दोन्ही टोकं मोकळी, पाच गाठी. "ही काढून दिली. म्हणाला, ही तुमच्या गाडीची न्हाई, शेठला द्या."

मी हात पुढं केला नाही. त्यानंच माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"आणखी काय म्हणाला?"

"म्या त्याला सांगितलं, काय म्हाईत का, सांगून टाकलं. म्हणालो, हितंच माझ्याकडनं एक माणूस उडाला होता. तर म्हणाला, हां, तुम्हाला धूळच दिसली असंल." विश्वजीतनं डांबराकडं बघितलं. "आन् मग म्हणाला, शेठला दिसलं होतं. मी म्हणालो काय दिसलं? तर नुसता हसला. म्हणाला, शेठ पुढं चहाला थांबल्यात, साडेअकराला येतील. मागच्या बारीला आले न्हाईत, आज येतील."

एक ट्रॅक्टर गेला. त्याची धूळ आमच्या अंगावर बसली.

"कुठं गेला तो?" मी विचारलं.

विश्वजीतनं माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं आणि साधेपणानं म्हणाला, "हे काय, बसलेत की तुमच्या गाडीत. शिरूरला यायचंय म्हणाले."

माझ्यामागं पिकअपच्या डाव्या दाराचा आवाज आला. ते दार वरून जरा उचलून ओढावं लागतं, नाहीतर लागत नाही. नीट उचलून ओढलं होतं.

९

विश्वजीत गेला. जाताना हॉर्न वाजवून गेला, मोकळ्या मनानं.

मी किती वेळ रस्त्यावर उभा होतो सांगता येणार नाही. पळावं असं वाटलं. पण पळून जायचं कुठं, रस्ता एकच. शेवटी मी उजव्या बाजूनं चढलो आणि समोरच्या काचेतून फक्त रस्ता बघितला. डावीकडं मान वळवली नाही. गाडी डावीकडं किंचित कललेली होती, माणूस बसल्यावर कलते तेवढी. मेणाचा आणि वितळलेल्या कथलाचा वास येत होता.

मी बोललो. धंद्यात माझी जीभ कधी अडखळली नव्हती. म्हणालो, "नवनाथ, मला दिसला नव्हतास तू. दिवा दिसला फक्त." म्हणालो, "त्यानं उडवलं, त्याला कसं सोडलंस?" म्हणालो, "सविताला मी बघतो ना, काय कमी पडू दिलं?" नुसतं ऐकणं होतं, बाजूला, अगदी लक्ष देऊन. इंजिनाचा आवाज ऐकत तो बसायचा तसं.

न्हावरं मागं पडलं आणि डावीकडचा सीटबेल्ट ओढल्याचा आवाज आला. सावकाश, शेवटपर्यंत ओढून, खटकन् लागला.

मग माझा सुटला.

मी तो परत लावला. तो सुटला. पुन्हा लावला आणि हातानं दाबून धरला, तर बोटांखालून हळूच खटका उघडला, कुणाचं बोट न लागता. समोरून उसाचे ट्रेलर येत होते. मी वीसच्या वेगानं, रस्त्याच्या कडेला चिकटून, शिरूर गाठलं. दीड तास लागला.

याला आता आठ महिने झाले. ती पिकअप मी विकली. घेतलेली दुसरीही दीड महिन्यात विकली. एसटीत पट्टा नसतो म्हणून एसटीनं फिरून पाहिलं. शेजारची जागा कुणी घेत नाही, गर्दी असली तरी उभे राहतात, आणि विचारलं तर म्हणतात, बसलंय की कुणीतरी. दुकानात मी चालत जातो. सविता रस्त्यात भेटली तर चौकशी करते, दादा वाळलात म्हणते.

मी कडेकडेनं चालतो, वळणावर थांबतो, दोन्हीकडं बघतो. माझ्या डाव्या बाजूला चपलांचा आवाज नसतो, अनवाणी पायांचा असतो, माझ्या पावलाला पाऊल मिळवून. घाई त्याला नाही. कामात तो कधीच घाई करत नसे.